हात पोचेल एवढी गाडी

अश्विनची पिकअप लाखनीहून परत आली तेव्हा मी ओसरीत बसून उत्पलाच्या केसांतला गुंता सोडवत होते. इंजिनाचा आवाज ओळखीचा होता, गाडी मात्र ओळखू येईना. तिचं पोट रस्त्याला टेकतंय की काय, इतकी ती खाली बसलेली. आणि चाकं? ती भलीमोठी, चंदेरी, मडगार्डाच्या कमानीत गच्च भरलेली. जुन्या चाकांच्या वर हात घालता येईल एवढी मोकळी जागा असायची, ती आता गायब.

"पंक्चर झाली का वं हे?" सासूबाईंनी सुपातले तांदूळ पाखडायचं थांबवून विचारलं.

"नाही आई, मुद्दाम खाली घेतलीय. फॅशन आहे तशी."

"बसलेल्या म्हशीवानी दिसून राहिली."

मला हसू आलं आणि बरंही वाटलं. तेवढ्यात दार उघडून अश्विनची बायको तृप्ती उतरली. उतरली म्हणण्यासारखं काही नव्हतंच. तिने पाय बाहेर ठेवला, की जमीन. आमच्या गाडीतून उतरताना मला एका हाताने साडी, दुसऱ्या हाताने दाराचा दांडा आणि दातांत पिशवीचा बंद धरावा लागतो. ती एखाद्या कारमधून उतरावी तशी उतरली, ओढणी सारखी केली आणि माझ्याकडे पाहून हसली.

अश्विन माझा चुलत दीर. त्यांचं घर समोर, आमचं इकडे, मधात एक अंगण आणि एक बोअरिंग. दोन्ही घरी पिकअप. आमचे हे, जीवन, धान राइस मिलला पोचवतात. त्यामुळे आमच्या गाडीला मागून उलट स्प्रिंगचा एक पाटा जास्तच टाकलेला, पोती भरली तरी बसू नये म्हणून. रिकामी असली की ती शेपूट वर करून उभ्या असलेल्या गोऱ्ह्यासारखी दिसते. अश्विनचं काम मंडप-डेकोरेशनचं. पडदे, फुलं, थर्माकोल. वजन कसलं ते नाहीच.

पोट्टे जमले. अश्विन त्यांना वाकून वाकून दाखवत होता. "मागचे पाटे काढले, समोरूनबी खाली घेतली. मंग हे मॅगव्हील टाकले. रोडले चिपकून चालते आता."

उत्पला माझ्या हातातून वेणी सोडवून पळाली आणि सवयीने गाडीखाली शिरायला गेली. पाच वर्षांची आहे. आमची गाडी अंगणात उभी असली की ही तिच्याखाली सावलीत बाहुलीचा संसार मांडते, आणि म्हणून गाडी सुरू व्हायच्या आधी मी रोज, न चुकता, गुडघ्यांवर बसून खाली पाहते. जीवन हॉर्न वाजवतात, हसतात, तरी पाहते. अश्विनच्या गाडीखाली तिचं डोकंच गेलं नाही. ती हिरमुसून परत आली. तृप्तीला आता कधीच वाकून पाहावं लागणार नव्हतं. मला त्याचाही हेवा वाटला. तिला तर अजून लेकरूही नाही.

तृप्ती गोंदियाकडची. तो जिल्हा वेगळा होऊन इतकी वर्षं झाली तरी सासूबाईंना ती "आपल्या जिल्ह्यातली पोरगी" वाटते. मी भंडाऱ्याचीच, कॉलेज भंडाऱ्यालाच केलं, समाजशास्त्रात बी.ए. झाले; पण मी "शहरातली."

आता मुद्द्याचं सांगते. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा ज्या गाडीवर ठेवतात, त्या गाडीवाल्याच्या घरच्या सुनेने पहिली मेणबत्ती लावायची, अशी रीत आहे. ही रीत कोणी घालून दिली माहीत नाही, पण आहे. मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून ती गाडी आमची आणि मेणबत्ती माझी. बाकी वर्षभर मी उत्पलाची आई, जीवनची बायको, विमलाबाईची सून. त्या संध्याकाळी मी पांढरी साडी नेसून गाडीच्या हौद्यात उभी राहते, खाली सगळी वस्ती माना वर करून पाहते, आणि काडी पेटवायची वेळ आली की बँजोसुद्धा थांबतो. त्या क्षणासाठी मी महिनाभर आधीपासून साडीला स्टार्च करायचा विचार करते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

अश्विनच्या चाकांची चमक पाहिली आणि मला कळलं, यंदा मिरवणुकीला हीच गाडी मागतील.

आठवड्याभराने विहारात बैठक झाली. समितीचे अध्यक्ष हिरालाल मामाजी खांबाला टेकून बसले होते. पोट्ट्यांनी विषय काढलाच. "यंदा अश्विनभाऊची गाडी घेऊ. भल्ली दिसन मिरवणुकीत."

"जीवनच्या गाडीत काय खोट आहे?" मामाजींनी विचारलं.

मी मनात म्हटलं, विचारा, विचारा.

बायांच्या बाजूने तृप्ती उभी राहिली. भाषण नाही, काही नाही, पदर खोचून सरळ बोलायला लागली. "खोट नाही मामाजी. पन उंच आहे. म्हाताऱ्या बाया खालून फुलं देते, अन् वर उभं असलेलं पोट्टं ते वाहाते. फूल बाईचं अन् वाहनारा पोट्टा. आमच्या गाडीवर बाईचा हात पोचते."

मग मागून माझ्याच सासूबाईंचा आवाज आला.

"खरं बोलली पोरगी. मी तं एका सालले फूल फेकलं होतं खालून. ते पांड्याच्या पोट्ट्याच्या पाठीले लागलं. त्यानं वळून पाह्यलं, मी म्हटलं, तुयी नाही रे पूजा करून राहिली!"

सगळं विहार हसलं. मीही हसले, तोंडाने. ते वाक्य माझं असायला हवं होतं. बाईचा हात पोचते. कॉलेजात वक्तृत्वाची दोन बक्षिसं मला मिळालेली, तिला नाही. दरवर्षी त्या हौद्यात उभी राहून खालचे हात मी पाहत होते, तिने ते गाडी खाली करून आणल्यावर पाहिले, आणि तरी बोलली तीच.

ठरलं.

घरी येताना मी जीवनना म्हटलं, "तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटून राहिलं ना. आनंद वाटून राहिला. दरसाली क्लच दाबून दाबून माही पोटरी चढते. यंदा मी समोर नाचीन."

"नाचा."

"तू काहून रागावून राहिली?"

"मी? मी कशाला रागावू?"

त्यांनी मान हलवली आणि पुढे चालू लागले. या माणसाला हेवा म्हणजे काय हेच माहीत नाही. घरात तेवढं सगळं मलाच करावं लागतं.

जयंतीला चार-पाच दिवस राहिले असताना अश्विनने वस्तीतली लेकरं आणि काही बाया गाडीत भरून आंधळगावच्या बाजारात नेल्या, पताका आणि पांढरे कपडे आणायला. उत्पलाही गेली. मी नको म्हणत होते, सासूबाईंनी पाठवली. ती परत येईपर्यंत मी दहादा रस्त्यावर जाऊन आले. आली ती धुळीने माखलेली आणि खूष.

"आई, काकाची गाडी वळणावर गाणं म्हणते."

"कसलं गाणं?"

"घर्रर्र. घर्रर्र. मंग वास येते."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तशीच अंगण ओलांडून गेले. गाडी उभी होती, अश्विन घरात पाणी पीत होता. मला वाकून गाड्यांखाली पाहायची सवय, तशी वाकले. पुढच्या मडगार्डाच्या आत, कमानीच्या वरच्या बाजूला रंग गेलेला आणि पत्रा चकचकीत घासलेला. टायरच्या कडेलाही गुळगुळीत पट्टा. हात लावला तर गरम. जळक्या रबराचा वास अजून होता.

जीवनना सांगितलं. ते जेवत होते.

"असंच होईन. पाटे कमी, चाक मोठं. भार पडला का गाडी बसते अन् वळताना चाक वर घासते. रिकामी असली तं काही नाही."

"आणि भरलेली असली तर?"

"घासून घासून टायर फाटू शकते. मी सांगतो अश्विनले."

"तुम्ही नका सांगू," मी म्हटलं. "मी सांगते."

जयंतीच्या गाडीवर दरवर्षी काय काय चढतं ते मला पाठ होतं. साउंडचे बॉक्स, जनरेटर, समितीचे पोट्टे आणि पांढऱ्या साड्या नेसवलेल्या आमच्या पोरी. त्यांत उत्पला यंदा पहिल्यांदाच बसणार होती. मला भीती वाटत होती, हे शंभर टक्के खरं. पण त्या भीतीच्या मागे दुसरंही कोणीतरी उभं होतं आणि त्याला त्या दिवशी फार उत्साह आला होता. अश्विनला अंगणात हाक मारून सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विहारासमोर लेकरांची गाण्याची तालीम होती, सगळे जमणार होते. मी तोवर थांबले.

"मामाजी," मी म्हटलं, आणि आवाज आपोआप वक्तृत्वस्पर्धेतला झाला, "या गाडीवर मी माझी पोरगी बसवणार नाही. आणि कोणीच आपलं लेकरू बसवू नये."

तृप्तीचा चेहरा पडला. अश्विन पुढे आला. "काय झालं वैनी?"

"चाक घासतं. मडगार्डाच्या आत पाहा. काल लेकरं घेऊन गेलात तेव्हा घासलंय."

"ते नवीन आहे म्हनून..."

"जीवन?" मामाजींनी विचारलं.

जीवन डोकं खाजवत म्हणाले, "भार पडला तं घासन, मामाजी."

"मंग पाहून घेऊ. चढा रे सगळे."

लेकरं आरडाओरडा करत चढली, समितीचे पोट्टे चढले. गाडी आणखी खाली बसली. अश्विनने स्टिअरिंग पुरतं वळवलं आणि हळूच पुढे घेतली. घर्रर्र. सगळ्यांनी ऐकलं. मी तृप्तीकडे पाहिलं नाही, पण ती कुठे उभी आहे ते मला बरोबर माहीत होतं.

"उतरा," मामाजी म्हणाले.

सगळे उतरले. अश्विनने पुन्हा गाडी वळवली. काही आवाज नाही. पुन्हा उलट्या बाजूला वळवली. काही नाही.

मामाजींनी वाकून चाकाच्या कमानीत पाहिलं. आता म्हणतील, जीवन, तुझीच गाडी काढ बाप्पा.

"प्रतिमेचं वजन किती असन रे?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही मामाजी," तृप्ती लगेच म्हणाली. "फोटो अन् फुलं."

"मंग बस्स. यंदा गाडीवर फक्त प्रतिमा. दुसरं कोनी चढायचं नाही. दरसाली मी या पोट्ट्यांले सांगून राहिलो का प्रतिमेजवळ चपला घालून उभे राहू नका, आयकलं कोनी? मिरवनूक कोनाची अन् फोटो कोनाचे निघते! रत्नानं डोळे उघडले आपले. शिकलेल्या सुनेचा हा फायदा असते."

टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी. बायांनी माझ्या पाठीवर हात ठेवले. तृप्तीने दोन्ही हातांनी माझा दंड धरला. "ताई, बरं झालं तुमी पाह्यलं वो. मले तं धाकच भरला असता नंतर."

"अन् लेकरं, बॉक्स?" कोणीतरी विचारलं.

"ते जीवनच्या गाडीवर. मागून."

अशा रीतीने माझ्या पांढऱ्या साडीच्या जागी आमच्या गाडीवर साउंडचे बॉक्स आले.

चौदा तारखेच्या संध्याकाळी अश्विनची गाडी विहारासमोर उभी राहिली तेव्हा मला तिच्यात खोट काढायची फार इच्छा होती. निघाली नाही. निळ्या कापडाने हौदा मढवलेला, तिन्ही बाजूंचे पत्र्याचे फाळके खाली सोडलेले, मधोमध दोन प्रतिमा आणि त्यांच्याभोवती नुसती पांढरी फुलं. एकही माणूस वर नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच प्रतिमा सगळ्यांना पूर्ण दिसत होती. चाकं चमकत होती, पण आता त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

मागे आमची गाडी, शेपूट वर. तिच्यावर जनरेटर, बॉक्स आणि पोरी. उत्पलाला मी ओढणीने दांड्याला बांधून ठेवली होती, जरा सैल, जरा घट्ट. जीवन स्टिअरिंगवर. नाचायचं राहिलंच त्यांचं. मी बायांच्या घोळक्यात, कडेला, स्टार्च केलेली साडी नेसून. खांद्याला पिशवी.

तृप्ती पुढे झाली. तिला वर चढायचीही गरज नव्हती. जमिनीवर उभी राहून ती मेणबत्ती लावणार होती. बँजो थांबला. तिने काडी ओढली.

विझली.

एप्रिलमधली संध्याकाळची हवा आमच्याकडे अशीच असते, दिवसभर पान हलत नाही आणि नेमकी दिवाबत्तीच्या वेळेला उठते. तिने दुसरी काडी ओढली. तिसरी. अश्विनने हातांचा आडोसा केला. चौथी त्याच्या बोटाला लागली, तो "हाय!" करून मागे सरला आणि पोट्टे हसले. वरून फाळके खाली सोडलेले, हवा आरपार. आमच्या गाडीला निदान भिंती होत्या.

आता हे ऐका. दरवर्षी मी पाण्याची मोठी बाटली बुडातून आणि गळ्याशी कापून तिचा आडोसा करते, मेणबत्तीवर बसवायला. यंदाही सकाळी मी बाटली कापली होती आणि पिशवीत टाकली होती. कशासाठी, ते मला विचारू नका. ती माझ्या पिशवीत होती आणि मी पिशवीचं तोंड मुठीत धरून उभी होते. तृप्तीच्या कपाळावर घाम आला होता. म्हाताऱ्या बाया फुलं घेऊन ताटकळल्या होत्या. मी मनात म्हणत होते, अजून एक काडी. अजून एकच. मग मामाजी स्वतःच इकडेतिकडे पाहतील आणि म्हणतील, रत्ना कुठे आहे?

तेवढ्यात आमच्या गाडीवरच्या बॉक्समधून अख्ख्या वस्तीवर आवाज घुमला.

"आईच्या पिशवीत बाटली आहे! कापलेली!"

पोरींच्या गाण्यासाठी माइक वर ठेवलेला होता. तो उत्पलाच्या हातात होता.

"माह्या आईच्या! रत्ना आईच्या!"

आता आई एकटीच आहे या वस्तीत असं थोडंच आहे, म्हणून तिने नावही सांगून टाकलं. सगळ्या माना वळल्या. मी गाडीपाशी कशी गेले ते आठवत नाही. "अगं, मी काढतच होते," असं काहीतरी म्हणाले. बाटली काढली, मेणबत्तीभोवती दोन्ही हातांनी धरली. हवा बाहेर राहिली. तृप्तीने काडी आत सोडली आणि ज्योत उभी राहिली.

"ताई, हात सोडू नका," ती हळूच म्हणाली.

सोडले नाहीत. बँजो पुन्हा सुरू झाला, जयभीमचा घोष झाला आणि बाया पुढे आल्या. पहिल्या सासूबाई. त्यांनी फूल प्रतिमेच्या पायाशी ठेवलं, मग हात मागे घेतला नाही. काचेवरून तळवा फिरवला, सावकाश, तापलेल्या लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा. मग माझ्याकडे पाहिलं. "पोचला वं," म्हणाल्या. त्यांच्या मागून दुसरी, तिसरी. मी तिथेच, बाटली धरून, प्रत्येकीचा हात जवळून पाहत.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर होता. तृप्तीचा चेहरा ज्योतीच्या उजेडात, ओठ जरा उघडे, डोळे खाली. खरंच सुंदर आला होता. डाव्या कडेला दोन हात, कापलेली बाटली आणि माझ्या काचेच्या बांगड्या. मनगटाच्या पुढे मी नव्हतेच. फोटोखाली तृप्तीने लिहिलं होतं, हात आमच्या रत्नाताईंचे. तेसुद्धा तिनेच लिहिलं. माझ्याकडे लिहायला काही शिल्लक ठेवलं नाही.

अंगणात जीवन मिलला निघायच्या तयारीत होते. बॉक्स उतरवून गाडीत धानाची पोती भरणं चाललं होतं. फाळक्याला लांब फळी टेकवलेली आणि हमाल पाठीवर पोतं घेऊन तिच्यावरून डुलत डुलत वर चढत होता. मी हातात मोबाइल घेऊन त्याच्याकडे पाहत राहिले. तो गेला, रिकामा उतरला, पुन्हा गेला.

"अहो," मी म्हटलं, "ही फळी किती वजन सहन करते?"

"पोतं अन् मानूस. काहून?"

"हिला दोन्ही बाजूंनी दांडे लावता येतील? धरायला?"

"येतीन. पन कायले?"

"पुढच्या वर्षी आपल्या गाडीला लावायची. रुंद करून, वर निळं कापड टाकून. त्यांच्या गाडीवर बाईचा हात पोचतो ना? आपल्यावर बाई अख्खी चढेल. प्रतिमेसमोर उभी राहील, फूल वाहील, दुसऱ्या बाजूने उतरेल. आपली गाडी भार घेते. कितीही बाया चढल्या तरी घासत नाही."

जीवननी स्टिअरिंगवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. हसू दाबत होते. "आई चढतीन?"

"आई पहिल्या."

मी गुडघ्यांवर बसले, गाडीखाली पाहिलं, उत्पलाला बाहुलीसकट बाहेर ओढून काढलं आणि कडेवर घेतलं. समोरच्या ओसरीत तृप्ती केस विंचरत होती. तिने हात हलवला. मीही हलवला.

"आणि हे इतक्यात त्या दोघांना सांगू नका," मी गाडीच्या दाराशी जाऊन हळूच म्हटलं. मग उत्पलाकडे पाहिलं आणि तिच्या तोंडावर हात ठेवला.